अठरा कागद कमी

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता वकीलबाईंनी पहिल्या गठ्ठ्याची फीत सोडली आणि वरचा पुठ्ठा उचलला. खाली सह्यांचे अर्ज असायला हवे होते. तिथे जुन्या पक्षाचं पत्रक होतं, अकरा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचं. त्यावर त्यांच्या सासऱ्यांचा हसरा फोटो होता.

दुसरं पत्रक तेच. तिसरंही तेच. बाईंनी चारही गठ्ठे सोडून पाहिले. अर्ज एकही नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत दोन हजार मतदारांच्या सह्या निवडणूक कचेरीत पोहोचल्या नाहीत, तर नव्या पक्षाची नोंदणी होणार नव्हती. नोंदणी नाही, म्हणजे या निवडणुकीत उमेदवार नाही. वर्षभर दारोदार फिरून केलेलं काम एका सकाळी मातीत गेलं होतं.

अर्ध्या तासाने त्या मास्तरांच्या दारात उभ्या होत्या.

मास्तर शाळेतले नव्हते. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षं त्यांनी कागद सांभाळले होते. हरवलेली फाइल त्यांच्याशिवाय कोणाला सापडायची नाही. त्यामुळे लोक त्यांना रेकॉर्डमास्तर म्हणू लागले, आणि पुढे नुसतं मास्तर उरलं. चार महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. दार उघडायला आता आपल्यालाच उठायचं आहे, हे अजूनही बेल दुसऱ्यांदा वाजल्यावर त्यांच्या लक्षात यायचं.

"काका, मला पोलिसांत जाता येत नाही," वकीलबाई खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाल्या. "गेले तर उद्याच्या पेपरात काय येईल? सुनेची सासऱ्याविरुद्ध तक्रार."

"म्हणजे तुझा संशय त्यांच्यावर आहे."

"पत्रकं आमच्या घरच्या खोलीतली आहेत. दुसऱ्या कोणावर घेऊ?"

"मी जुन्या पक्षाचा माणूस आहे. चाळीस वर्षं तिथेच मत दिलंय. माझ्याकडे कशी आलीस?"

"म्हणूनच आले. मी काही म्हटलं तर त्यांची माणसं हसतील. तुम्ही म्हटलंत तर दोन्हीकडचे ऐकून घेतील."

गावात आता दोन्हीकडचे असं म्हणायची पाळी आली होती, हे मास्तरांना अजून सवयीचं झालं नव्हतं. जुना पक्ष म्हणजे दुकानदार, पेन्शनर, स्वतःचं छोटं घर असलेली माणसं. शिस्त, घरदार, दिलेला शब्द, यावर पक्ष उभा होता. गेल्या वर्षी राजधानीतल्या पुढाऱ्यांनी, ज्याला आयुष्यभर शिव्या घातल्या अशा एका शहरी पक्षाशी युती केली आणि इथे समोरच्या पक्षातून फुटून आलेल्या माणसाला तिकीट दिलं. निम्म्यांनी मान खाली घालून ते मानलं. निम्मे उठून बाहेर पडले. म्हणाले, जुना नको, समोरचा तर नकोच, आपला तिसरा काढू.

जे राहिले त्यांचे शाखाध्यक्ष वकीलबाईंचे सासरे होते. जे बाहेर पडले त्यांच्या पुढारी वकीलबाई होत्या. दोघं एकाच घरात राहत होते.

मास्तरांनी चष्मा पुसला. "गठ्ठ्यांना अजून कोणी हात लावलाय का?"

"नाही."

"मग कोणी लावू नका. मी येतो."

२

नव्या पक्षाची कचेरी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत होती. शिंपी पूर्वी जुन्या शाखेचा चिटणीस होता. आता मशीन खाली आणि पक्ष वर, अशी त्याची दिवसभर ये-जा चालायची. सह्यांची नोंदवही त्याच्याकडे होती. प्रत्येक अर्जाला नंबर, नाव, पत्ता, तारीख.

"या मास्तर, फुटीरांच्या गुहेत या," तो म्हणाला. "पाय ठेवलात म्हणून शाखेतून नाव नाही ना कापणार?"

"कापलं तर तू शिवून दे."

शिंपी हसला. पण चेहरा उतरलेला होता. त्याने एका गठ्ठ्यावर फीत पुन्हा बांधून दाखवली. "हे बघा, मी बांधताना फितीला खूण केली होती. आता दोन बोटं ढिली बसते. पत्रकाचा कागद पातळ. चोराला गठ्ठा आधीसारखा दिसायला हवा होता, तर आणखी शंभर-दीडशे पत्रकं कोंबायची! एवढी पण अक्कल नाही."

मास्तर त्या ढिल्या फितीकडे बघत राहिले. "गठ्ठे या खोलीतून बाहेर कधी गेले होते?"

वकीलबाईंनी सांगितलं. प्रत्येक अर्जावर सही घेणाऱ्याचीही सही लागते, आणि सगळ्या सह्या त्यांनीच घेतल्या होत्या. म्हणून सोमवारी त्यांनी चारही गठ्ठे घरी नेले. मंगळवारी रात्री जेवणाआधी शेवटच्या अर्जावर सही झाली. तेव्हा सगळे अर्ज जागेवर होते. बुधवारी त्या दिवसभर कोर्टात. गठ्ठे घरी त्यांच्या टेबलावर. संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याने ते गाडीत घालून इथे आणून ठेवले.

"इथे आल्यावर या खोलीत कोणी?"

"कोणी नाही," शिंपी म्हणाला. "माझ्या डोक्यावर उंदीर चालला तरी मला कळतं. आणि हे काय पाच मिनिटांचं काम आहे?"

म्हणजे काम घरी झालं होतं, बुधवारी.

मास्तरांनी टेबल मोकळं करायला सांगितलं आणि पत्रकं मोजायला बसले. "ती कशाला मोजताय?" वकीलबाई म्हणाल्या. "मला अर्ज हवेत."

"मला दुसरं काही येत नाही, पोरी."

दुपार त्यातच गेली. एक हजार नऊशे त्र्याण्णव. त्यांनी पुन्हा मोजली. तेवढीच. नोंदवहीत अर्ज होते दोन हजार अकरा.

"बघा," शिंपी म्हणाला, "अंदाजाने भरली असणार."

"अंदाजाने भरली असती तर जाडी बघून भरली असती. जाडी त्याने बघितलीच नाही. दोन हजारांत फक्त अठरांचा फरक आहे. हा माणूस एक अर्ज काढत होता आणि एक पत्रक ठेवत होता."

शिंप्याचा हात डोक्याकडे गेला. "कागदाच्या जागी कागद," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"शाखेची रीत आहे, मास्तर. सभासदाचं कार्ड कपाटातून काढलं की त्या जागी एक कागद ठेवायचा. मोकळी जागा राहता कामा नये. तिथे वर्षभर काम केलेल्या माणसाचा हात आपोआप तसाच चालतो." तो थांबला. "चोर बाहेरचा नाही. आपल्यातलाच आहे."

"पण असा मोजून काम करणारा अठरा ठिकाणी चुकेल का?" मास्तर म्हणाले.



३

शुक्रवारी सकाळी मास्तर अध्यक्षांच्या घरी गेले. दारातच डॉक्टर भेटले. दातांचे डॉक्टर, अध्यक्षांचा मुलगा, वकीलबाईंचा नवरा.

"मास्तर, मला यात ओढू नका. गावातल्या तिन्ही पक्षांचे दात माझ्याकडे येतात. माझ्या खुर्चीत सगळे तोंड उघडतात, पण बोलत कोणीच नाही. तेवढं एकच ठिकाण उरलंय."

"कार्डाच्या जागी कागद ठेवायचा, हे माहीत आहे का तुला?"

"कसलं कार्ड?" डॉक्टरांनी विचारलं. विचारण्यात खोट नव्हती. लहानपणापासून त्यांनी शाखेची पायरी चढली नव्हती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

अध्यक्ष खिडकीपाशी बसले होते. मास्तरांनी एक पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ घेतलं, उजेडाकडे वळवलं.

"काय आहे? अगं, जरा वाच बघू. डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, मास्तर. तोवर स्वतःचं थोबाडसुद्धा ओळखू येत नाही."

आतून चहा घेऊन त्यांची बायको आली. शाखेतले सगळे त्यांना वहिनी म्हणत, मास्तरही. वहिनींनी पत्रकावर नजर टाकली. "तुमचंच आहे. तुम्ही पडलात त्या वर्षीचं." आणि त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

अध्यक्षांचा आवाज चढला. "आलं लक्षात. सूनबाईंनी पाठवलंय तुम्हाला. ऐका, मास्तर, तिचा तिसरा पक्ष निवडून येणार नाही. तो फक्त आमची मतं खाणार आणि समोरच्याला गादीवर बसवणार. हे मी चारचौघांत ओरडून सांगतो. पण मी तिला पाडीन ते मतपेटीत. कागद चोरून नाही. चाळीस वर्षं शाखेत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही."

"ती कार्डांची पद्धत तुम्हीच घातलीत ना?"

"अर्थात." अध्यक्ष जरा खुलले. "कार्ड काढलं की त्या जागी कागद. म्हणजे माणूस परत येणार आहे, त्याची जागा धरून ठेवायची. सभासद मेला तर मात्र कागद ठेवायचा नाही. कार्ड काढायचं आणि शेजारची दोन एकमेकांना भिडवायची. जो येणार नाही त्याची जागा कशी धरणार?"

मास्तर उठून उभे राहिले. चहा तसाच राहिला.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"अठरा," मास्तर म्हणाले, आणि जवळजवळ धावतच जिना उतरले.

४

"नोंदवही काढ," त्यांनी शिंप्याला सांगितलं. "वर्षभरात सही केलेल्यांपैकी आता कोण कोण नाही, ते बघायचं आहे. तू नाव वाच. आपल्या दोघांना मिळून गावातलं सगळं मरण ठाऊक आहे."

शिंपी वाचू लागला. कंपाउंडर. पुलापलीकडची सुईण. जुना टपालवाला. मास्तर प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने टिंब करत गेले. वकीलबाई शेजारी उभ्या राहून टिंबं मोजत होत्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"मेलेल्याची सही धरत नाहीत," त्या म्हणाल्या. "नोंदणीच्या दिवशी सही करणारा जिवंत हवा. मला माहीत होतं. अकरा जास्त आहेत म्हणून निर्धास्त राहिले. मोजलंच नाही."

"सतरा झाले," मास्तर म्हणाले. "पुढे."

शिंपी वाचेना. त्याने पानावर तळहात ठेवला होता.

"पुढे वाच की."

"मास्तर, एवढ्यावरून कळलंच ना तुम्हाला. हिशेब जुळला. एक राहू द्या."

"हात काढ."

शिंप्याने वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग त्याने हात काढला.

नंबर एक हजार तीनशे सहा. नाव मास्तरांच्या बायकोचं होतं. पत्ता त्यांच्याच घराचा. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

मास्तरांनी पेन्सिल टेकवली, पण टिंब लगेच केलं नाही. सात महिन्यांपूर्वी ती बरी होती. रोज सकाळी समोर बसून त्यांना पेपर वाचताना ऐकत होती. नव्या पक्षाला ते मोठ्याने नावं ठेवत, आणि ती हूं म्हणत असे.

"तुम्ही बाजारात गेला होतात," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांनी मला बसवून घेतलं. सगळं विचारलं. मग सही केली. म्हणाल्या, ह्यांना मी सांगेन, तू नको सांगूस."

मास्तरांनी टिंब केलं. अठरा.

खाली दुकानात कोणीतरी शिंप्याला हाक मारून निघून गेलं.

"ज्याने अर्ज काढले," मास्तर अखेर म्हणाले, "त्याने प्रत्येक नाव वाचलं. गावात कोण गेलं ते त्याला पक्कं माहीत होतं. शाखेची रीत त्याच्या हातात होती, आणि बुधवारी तो घरी होता. डॉक्टरला रीत माहीत नाही. अध्यक्षांना नाव वाचता येत नाही. तू कोर्टात होतीस. शाखेची कार्डं तीस वर्षं कोणाच्या कपाटात होती?"

वकीलबाईंनी डोळे मिटले. "आमच्याच घरी," त्या म्हणाल्या. "आईंच्या."

५

दुपारी एक वाजता ते तिघं घरी पोहोचले. दवाखाना बंद करून डॉक्टरही जेवायला आले होते. मास्तरांनी कोणावर आरोप केला नाही. फक्त म्हणाले, "वहिनी, जुनी पत्रकं ठेवायचात ते फडताळ जरा दाखवता का?"

वहिनींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली.

फडताळात, जिथून पत्रकं गेली होती तिथे, अर्ज होते. नीट, नंबरवार लावलेले. जागा मोकळी ठेवायची नाही, ही सवय इथेही त्यांनी पाळली होती. वरच्या कप्प्यात एक लखोटा वेगळा होता. त्यात अठरा.

"आई?" वकीलबाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

"चोरी नाही केली," वहिनी म्हणाल्या. "शनिवारी परत ठेवणार होते."

"शनिवारी त्यांचा मला काय उपयोग?"

"म्हणूनच शनिवारी."

अध्यक्ष काठी टेकत येऊन उभे राहिले होते. "तू हे माझ्यासाठी केलंस?" त्यांनी बायकोला विचारलं. "मी सांगितलं होतं तुला?"

"तुमच्यासाठी काही केलेलं नाही." वहिनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळल्या. "माझ्यासाठी केलं. सहा महिने झाले, तुम्ही दोघं एकमेकांशी माझ्या तोंडाने बोलताय. 'आई, बाबांना सांगा, त्यांचा फोन होता.' 'अगं, तिला सांग, दिवा बंद कर म्हणावं.' एका टेबलावर समोरासमोर बसून! निवडणूक झाली की एक हरणार, एक त्याला हरवणारा. मग मी कोणाच्या बाजूला वाढायचं? एवढी निवडणूक टळली असती तर तुमचा राग निवला असता. कमीत कमी मला तसं वाटलं."

"आणि त्या अठरांच्या जागी पत्रक का नाही ठेवलंत?" शिंप्याने विचारलं. "ठेवलं असतंत तर मास्तरांना धागासुद्धा मिळाला नसता."

वहिनींनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "हात गेला नाही. पत्रक उचललं होतं. कंपाउंडरचं नाव वाचलं आणि परत खाली ठेवलं. तीस वर्षं मीच त्या सगळ्यांची कार्डं काढली आहेत. आता खोटं कसं करू?"

अध्यक्ष जवळच्या खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी काठीची मूठ चोळली. मग सुनेकडे पाहून, सहा महिन्यांत पहिल्यांदा थेट, ते म्हणाले, "कागद घे. पाचच्या आत कचेरीत ने. माझ्या घरात कागद अडले, असं कोणी म्हणता कामा नये."

"उपयोग नाही, बाबा," वकीलबाई म्हणाल्या. "हे अठरा काढले की सात कमी पडतात."

शिंपी पुढे सरकला. "ताई, कचेरीतल्या कारकुनाला काय कळतंय? नावं आहेत, सह्या आहेत. कोण मेलं, कोण जिवंत, तो काय घरोघर जाऊन बघणार आहे? आत्ता देऊन टाकू. पुढचं पुढे."

सगळे वकीलबाईंकडे पाहू लागले. घड्याळात दीड वाजला होता.

त्यांनी लखोटा हातात घेतला. अठरा अर्ज मोजले. एक वेगळा काढून मास्तरांच्या हातात दिला आणि उरलेले सतरा वहिनींना परत दिले. "खोटं बोलतात म्हणून आपण त्यांच्यातून बाहेर पडलो," त्या शिंप्याला म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी तेच करायचं असेल तर तिसरा पक्ष कशाला हवा? कोरे अर्ज काढा. सात माणसं शोधू."

६

शिंपी दुकानात पळाला. कपडे न्यायला येईल त्याला त्याने अर्ज पुढे केला. सव्वातीनपर्यंत पाच झाले. दोघा-तिघांनी नाही म्हटलं, एकाने तर न शिवलेलं कापड परत नेलं. सगळी नावं मतदार यादीशी ताडून तो धापा टाकत पुन्हा घरी आला.

सहावी सही डॉक्टरांनी केली. "दवाखान्याचं नुकसान झालं तर तू भरून दे," ते बायकोला म्हणाले. अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं.

एक उरली. वकीलबाईंनी कोरा अर्ज वहिनींसमोर ठेवला. पेनही ठेवलं. तोंडाने मागायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

मास्तर इतका वेळ कोपऱ्यात बसून होते. बायकोचा अर्ज त्यांच्या मांडीवर होता. शेवटी एक रकाना होता, ज्याला हवं त्याने भरायचा: सही का करता? बहुतेकांनी कोरा सोडलेला. तिने लिहिलं होतं, त्यांच्या ओळखीच्या, जरा तिरप्या अक्षरात: मला कोणी विचारलं नव्हतं. या मुलीने विचारलं.

ते उठले आणि वहिनींच्या समोर येऊन बसले.

"वहिनी, तुमचं मत काय आहे?"

वहिनी गोंधळल्या. "माझं?"

"हो. ह्यांचं माहीत आहे, हिचं माहीत आहे. तुमचं सांगा."

वहिनींनी बराच विचार केला. कोणी घाई केली नाही.

"युती केली ते चुकलं," त्या म्हणाल्या. "घोर चुकलं. पण घर वाकडं झालं म्हणून कोणी घर सोडत नाही. आत राहून भांडायला हवं होतं. मी सही करणार नाही." त्यांनी पेन सुनेकडे सरकवलं. "रागावू नकोस."

"नाही रागावले, आई," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता. "विचारायला हवं होतं मी. आधीच."

चार वाजत आले. कचेरी पंधरा मिनिटांवर. शिंप्याने मास्तरांकडे पाहिलं, वकीलबाईंनीही पाहिलं, आणि मग घाईने दुसरीकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका," मास्तर म्हणाले. "ती तिची सही होती. तिची आठवण म्हणून मी सही करणार नाही. ते तिलाही आवडलं नसतं." ते थांबले. "तुमचा जाहीरनामा आहे का इथे?"

"आहे. चार पानं."

"आण."

"काका, आता वेळ..."

"वर्षभर मी त्याला शिव्या देतोय. अजून वाचलेला नाही."

त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, कोर्टात वाचायचे तसं, बोट ओळीखाली ठेवून. खोलीत पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. अध्यक्ष मधेच म्हणाले, "दुसऱ्या पानावर शेताच्या पाण्याबद्दल लिहिलंय ना, ते आपलंच आहे. माझ्या भाषणातलं चोरलंय." वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्याकडूनच शिकले, बाबा." दोघं एकमेकांशी बोलले, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं.

चार वाजून वीस मिनिटांनी मास्तरांनी चौथं पान खाली ठेवलं. पेन मागितलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. मग शेवटच्या रकान्यात एक ओळ लिहिली आणि अर्ज वकीलबाईंना दिला.

त्यांनी वाचलं: पूर्ण वाचलं. अर्धं पटलं.

"अर्धं?" त्या म्हणाल्या.

"सही पूर्ण आहे," मास्तर म्हणाले. "पळा आता."